‘खात्री’ हा शब्द माझा चुकला

नमस्कार. डुकरांच्या ब्रुसेला तपासणीवरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. (ब्रुसेला म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणारा जंतू.) तुमच्या ६० डुकरांपैकी ३ रोज बेंगाल या झटपट रक्तचाचणीत पॉझिटिव्ह आली. मी लिहिलं होतं तसं तुम्ही एलायझा या दुसऱ्या रक्तचाचणीने ‘खात्री’ केली, तेव्हा त्यांतली २ पुन्हा पॉझिटिव्ह निघाली. दोन्ही कापली, पण कल्चरमध्ये (नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ब्रुसेला नाही आणि कळपात एकही मादी गाभडलेली नाही. ‘मग खात्री कसली?’ असं तुम्ही विचारता.

खरं आहे, तो शब्द मी वापरायला नको होता.

रोज बेंगालमध्ये सिरमचा थेंब गुलाबी अँटिजेनमध्ये मिसळून ४ मिनिटांत गुठळ्या होतात का ते पाहायचं. एलायझाला यंत्र लागतं, आकडा मिळतो, म्हणून रिपोर्ट भारदस्त दिसतो. पण दोन्ही चाचण्या जवळपास एकाच गोष्टीविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात: ब्रुसेलाच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची साखळी. यर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ:९ या जंतूची साखळी जवळजवळ हुबेहूब तशीच असते, आणि यर्सिनिया डुकरांच्या टॉन्सिलमध्ये सर्रास राहतो. थोडक्यात, एकच अफवा ऐकलेल्या दोघांना आपण साक्षीला बोलावलं. दुसऱ्याने मान डोलावली यात नवल नाही.

कॉम्प्लिमेंट फिक्सेशन ही तिसरी रक्तचाचणी का नाही, असंही तुम्ही विचारलंत. गाईगुरांत ती चालते. डुकराचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं) मात्र त्या चाचणीत लुडबुड करतं, त्यामुळे खरी बाधा निसटते.

तरीही ‘रोज बेंगाल फेकून द्या’ हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. या चाचण्या एकट्या डुकराचा निकाल देत नाहीत, कळपाचा अंदाज देतात. समजा चाचणी निरोगी डुकरांपैकी १०० मागे ३ वेळा चुकते. तर ६० निरोगी डुकरांतही सरासरी दोनेक पॉझिटिव्ह येतील. कळपात खरंच ब्रुसेला सुईस (डुकरांतला ब्रुसेला) शिरला असता तर बहुधा पॉझिटिव्ह जास्त निघाली असती, शिवाय गाभडणं, फळायला गेलेल्या माद्या परत माजावर येणं, नराचे वृषण सुजणं यांपैकी काही ना काही दिसलं असतं.

कल्चर निगेटिव्ह आलं म्हणूनही हुश्श करू नका. कोणत्या लसिकाग्रंथी घेतल्या, यावर बरंच अवलंबून असतं.

तिसरं जनावर अजून कापलेलं नाही ना? वेगळं ठेवा आणि काही आठवड्यांनी सगळ्या कळपाचं रक्त पुन्हा घ्या. यर्सिनियामुळे आलेली प्रतिक्रिया बहुतेक वेळा ओसरते. तोवर वार किंवा मेलेली पिल्लं उचलताना हातमोजे हवेतच, कारण सुईसचे काही प्रकार माणसाला चांगलेच लागतात.

आणि एक सांगा, नर विकत आणला होता की घरचाच? हा जंतू नराच्या वीर्यातूनही पसरतो. हे मी मूळ लेखात पहिल्या ओळीत विचारायला हवं होतं.