तोफ लहान आहे म्हणून?

आज संध्याकाळी पुण्यात टिळक रस्त्यावर नौदलावरचं एक व्याख्यान ऐकून आले. अजून डोकं तापलेलं आहे. वक्ते म्हणाले, "आता क्षेपणास्त्रांचं युग आहे, जहाजांवरच्या लहान तोफा केवळ सलामीपुरत्या." आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या! पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत तोफांवर आयुष्य घालवणारी माणसं ज्या शहरात राहतात, तिथे!

माझा मामा जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर ४० मिमी (हा नळीच्या तोंडाचा व्यास) बोफोर्स तोफेचा लोडर, म्हणजे गोळे भरणारा होता. (बोफोर्स म्हटलं की आपल्याला घोटाळा नाहीतर कारगिल आठवतं. ही तोफ त्याच्या कितीतरी आधीची, १९३०च्या दशकातली, विमानं पाडणारी.) एकेक गोळा सुमारे दोन किलोचा, चार गोळे एकत्र धरणारी एक क्लिप. तोफ पूर्ण वेगात मिनिटाला १२० गोळे खाते, म्हणजे दर दोन सेकंदांनी नवी क्लिप वरून आत गेलीच पाहिजे. डोलणाऱ्या जहाजावर. मामाचा डावा कान तिथेच गेला.

मान्य, पल्ला कमी. हेही मान्य की १९४४-४५ मध्ये जपानी आत्मघाती विमानं २० मिमीच्या गोळ्या खाऊनही थेट जहाजावर येऊन आदळत होती. ४० मिमीही कमी पडायला लागली, म्हणून अमेरिका ७६ मिमीकडे वळली, कारण लक्ष्याजवळ जाताच गोळा आपोआप फोडणारा फ्यूज त्याहून लहान गोळ्यात तेव्हा मावत नव्हता.

पण म्हणून लहान तोफ संपली? जानेवारी २०२४, तांबडा समुद्र. येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र अमेरिकेच्या 'ग्रेव्हली' युद्धनौकेपासून मैलभरावर आलं, तेव्हा ते पाडलं फॅलँक्स या २० मिमीच्या स्वयंचलित तोफेने! आपल्या जहाजांवर सहा नळ्यांची एके-६३० ही ३० मिमीची तोफ काय शोभेला आहे? आणि संशयास्पद होडी थांबवायला तिच्यापुढे पाण्यात इशाऱ्याचा गोळा टाकतात. तिथे कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडणार का?

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं, ओरडूनच सांगावं लागतं. तो चिडला नाही. म्हणाला, "अगं, लांबून मारणारे चुकले की मग आमचीच पाळी यायची. तेव्हा हात थरथरून चालत नाही." मग क्लिप कशी धरायची ते समजावत बसला, बराच वेळ.

मंडळी, तुमच्यापैकी कोणी हे व्याख्यान ठेवणाऱ्या संस्थेत असाल तर पुढच्या वेळी व्यासपीठावर एका तोफचीला बोलवा. आणि प्रश्नोत्तरांना वेळ ठेवा, आज तोही ठेवला नव्हता.