कच्चं लायसन, पक्की तयारी

तर तुम्ही अठरा वर्षांचे झालात आणि आता कच्चं लायसन काढायचंय. अभिनंदन. नववीपासून तुम्ही स्कूटरवर क्लासला जाताय, दहावीच्या सुट्टीत काकांची अल्टो सोसायटीभोवती फिरवून आणलीत, म्हणजे गाडी येण्या-न येण्याचा प्रश्न केव्हाच मिटलाय. राहता राहिला सरकारी उपचार. त्यापुरता थोडा अभ्यास करावा लागेल, आणि अभ्यास परीक्षेपुरताच करायचा असतो हे शाळेने तुम्हाला शिकवलेलंच आहे.

आधी पासिंगचा आकडा समजून घ्या, निम्मी भीती तिथेच जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या अकराव्या नियमाप्रमाणे साठ टक्के उत्तरं बरोबर आली की काम झालं. दर पाच प्रश्नांत दोन चुकवायची कायद्यानेच मुभा दिली आहे. लाल दिवा, हिरवा दिवा आणि डावी बाजू एवढं पक्कं केलंत, तर एकेरी मार्ग आणि झेब्रा क्रॉसिंग खुशाल ऑप्शनला टाकता येतं. बारावीला ऑप्शनला टाकलेले धडे पुढे आयुष्यात कधी आडवे येत नाहीत. झेब्रा क्रॉसिंगवरचे मात्र येतात. हातात भाजीची पिशवी घेऊन, दुसरा हात वर करून, पळत पळत येतात. अशा वेळी आपण हॉर्न वाजवायचा. उरलेल्या साठ टक्क्यांत आपण पास झालेलो असतो.

प्रश्न संगणकावर येतात, खाली पर्याय असतात आणि एकेका प्रश्नाला मोजके सेकंद मिळतात. पुस्तक न उघडता उत्तर ओळखायची हमखास युक्ती सांगतो: जो पर्याय वाचून हसू येईल तो निवडा. पादचारी रस्ता ओलांडतोय. तुम्ही हॉर्न वाजवत पुढे जाल, वेग जरासा कमी करून हॉर्न वाजवत पुढे जाल, की थांबून त्याला जाऊ द्याल? तुमच्या ओळखीचं कोणी असं थांबल्याचं आठवतंय का? नाही ना, मग तेच उत्तर. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरली असेल तर आपण अलीकडे थांबायचं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवायचा नाही, हेही एक उत्तर आहे, आणि ते निवडताना चेहरा गंभीर ठेवणं सोपं नाही. संगणकाच्या मनातला वाहनचालक म्हणजे देवमाणूस. सगळ्यांना आधी जाऊ देतो, कोणाच्या आईवडिलांची चौकशी करत नाही आणि माझ्या अंदाजाने आजवर एकदाही वेळेत ऑफिसला पोचलेला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. घरात वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवणारी अनुभवी व्यक्ती असेल तर तयारीच्या दिवसांत तिला चार हात लांब ठेवा. ही मंडळी खरी उत्तरं देतात. ‘पिवळा दिवा लागल्यावर काय कराल?’ असं तुम्ही मोठ्याने वाचलंत, की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतील, ‘दाब.’ बाबांना आज परीक्षेला बसवलं तर ते साठ टक्क्यांच्या आसपासही फिरकणार नाहीत. त्यांच्या खिशात पक्कं लायसन आहे, हा वेगळा विषय.

सगळ्यात मन लावून करायचा धडा म्हणजे रक्षक नसलेलं रेल्वे फाटक. हा चुकवू नका, कारण कोणत्या विषयांवर प्रश्न विचारायचे हे त्याच अकराव्या नियमात लिहिलंय आणि त्यात हे फाटक नाव घेऊन बसलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम सांगतं की अशा फाटकापाशी गाडी थांबवावी, कंडक्टर, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्हीकडून गाडी येत नाही ना ते पाहावं, आणि सोबत कोणीच नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरावं. फार सुंदर, सविस्तर नियम आहे. अडचण एवढीच की ब्रॉडगेज मार्गांवरची अशी सगळी फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली. मला विचाराल तर देशभर काटेकोरपणे पाळला जाणारा हा एकमेव वाहतूक नियम असावा. ज्या फाटकावर रक्षक असतो, दांडा खाली असतो आणि गाडी यायला दहा मिनिटं असतात, तिथे बाइक तिरकी करून मान वाकवून पलीकडे कसं जायचं, हे परीक्षेत विचारत नाहीत. दांडा वर जाण्याआधी अख्खा रस्ता अडवून पलीकडच्या मंडळींसमोर नाकाला नाक लावून कसं उभं राहायचं, हेही विचारत नाहीत. ते शिक्षण स्वखर्चाने घ्यावं लागतं.

चिन्हांचा तक्ता भिंतीवर लावा. लाल काठाचा त्रिकोण दिसला की सावध व्हायचं, गोल दिसला की हुकूम मानायचा, निळा चौकोन म्हणजे माहिती. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग बंद, फुली असेल तर थांबायलाही बंदी. पाठांतर तक्त्यावरूनच करा, रस्त्यावर जाऊन नको; तिथली चिन्हं भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असतात. ‘प्रवेश बंद’च्या पाटीतला फक्त पांढऱ्या आडव्या पट्टीचा कोपरा दिसतो, बाकी सगळे भाऊच दिसतात. गतिरोधकाचंही चिन्ह आहे आणि परीक्षेत ते येतं. प्रत्यक्षातला गतिरोधक ना रंग लावून येतो ना पाटी लावून. तो मणक्याने ओळखायचा. एक चिन्ह तर हॉर्न वाजवणं सक्तीचं असल्याचंही आहे, निळ्या गोलात भोंगा. मी ते तक्त्याबाहेर कधी पाहिलेलं नाही, पण त्याची अंमलबजावणी सिग्नल सुटायच्या तीन सेकंद आधीपासून रोज ऐकतो.

अर्जासोबत प्रकृतीचं स्वयंघोषणापत्र भरायचं असतं. त्यात एक प्रश्न आहे: लख्ख उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? घाईने ‘हो’ लिहू नका, एकदा खाली जाऊन करून पाहा. समोर उभ्या बुलेटवरचं ४१४१ तुम्हाला पंचवीस मीटरवरून ‘दादा’ असं वाचता आलं, तर नजर उत्तम आहे. ४१४१ असंच दिसलं, तर तुम्ही या राज्यात नवीन आहात.

कागदपत्रांवरही प्रश्न येतो. गाडी चालवताना जवळ काय हवं? लायसन, नोंदणीचं आरसी, विमा, पीयूसी. परीक्षेत एवढंच लिहा. प्रत्यक्षात यातलं एखादं नसलं तरी निभावतं, पण फोनमध्ये भाऊंचा नंबर नसेल तर निभावत नाही. शिवाय समोरून येणारा अनोळखी माणूस भरदिवसा हेडलाइट मारून ‘पुढच्या चौकात मामा उभे आहेत’ हे कळवतो. रुग्णवाहिकेला वाट न देणारे आपण या एका बाबतीत परक्या माणसासाठीही तळमळतो. बाय द वे, रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांचा दंड आहे. हा आकडा पाठ करा, विचारतील. रुग्णवाहिकेच्या मागे लागून मोकळा रस्ता कापत जाणाऱ्याला काय, हे कोणी विचारत नाही.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही, पुण्यातले वाचक आहेत. कायद्यात ते डोक्यावर घालायचं असतं आणि मागे बसणाऱ्यानेही घालायचं असतं. आमच्याकडे ते कोपराला असतं, आणि कोपर सुरक्षित राहावं म्हणून मोर्चेही निघालेले आहेत.

देशात रस्त्यावर किती माणसं मरतात, यावर प्रश्न येत नाही. त्यामुळे २०२२ सालातला १,६८,४९१ हा आकडा पाठ करून डोकं शिणवू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही, हेही वाचून सोडून द्या. नववीतल्या स्कूटरबद्दल कोणाला काही सांगायची गरज नाही. वाचनापेक्षा लेखनाची तयारी असलेली बरी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, तेव्हा अल्पवयीन आरोपीच्या जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उसळल्यावर तो आदेश बदलावा लागला. पण पाहा, वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर निबंधाचा सराव असलेला केव्हाही चांगला. शुद्धलेखनाकडे लक्ष द्या.

आता प्रत्यक्ष परीक्षेचा दिवस. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या आधारावर ही परीक्षा घरबसल्या देता येते. त्याआधी रस्ता सुरक्षेचा एक व्हिडिओ पाहावा लागतो. ‘पाहावा’ म्हणजे लावून ठेवावा. तेवढ्यात चहा होतो, पोह्यांना फोडणीही देऊन होते. कॅमेरा तुमच्या तोंडावर रोखलेला असतो, म्हणून चुलतभावाला समोर, टेबलाच्या पलीकडे बसवा. त्याला गेल्याच महिन्यात लायसन मिळालंय, उत्तरं ताजी आहेत. पर्याय एक असेल तर त्याने नाक खाजवायचं, दोन असेल तर कान, तीन असेल तर आईला हाक मारायची. आधी एकदा रंगीत तालीम करा, नाहीतर आई खरंच येते आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून विचारते, ‘पोहे देऊ का दोघांना?’

एवढीही दगदग नको असेल तर एजंट आहेच. सरकारी फी एका प्रकारच्या गाडीसाठी लायसनचे १५० आणि परीक्षेचे ५० रुपये. एजंट त्याच्या कितीतरी पट घेतो, पण तो ‘सगळं करून’ देतो. त्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं हे विचारायचं नसतं, ते विचारणाऱ्याला तो एक फॉर्म हातात देऊन रांगेत उभा करतो. आणि कार्यालयात जाऊनच परीक्षा द्यायची असेल तर तिथे आपली स्कूटर चालवत जा. लायसन नसताना, पाच हजारांच्या दंडाच्या छायेत, लायसनच्या परीक्षेला वेळेवर पोचणं ही खरी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिथे बहुतेक सगळे शंभर टक्क्यांनी पास होतात. गाडी मागच्या गल्लीत लावा. समोर नो पार्किंगची पाटी आहे, आणि ती निदान आजच्या दिवशी तुम्हाला वाचता येते.

पास झालात की सहा महिन्यांचं कच्चं लायसन हातात येईल. आता गाडीला पुढे-मागे ‘एल’ लावायचा: पांढऱ्या चौकोनावर लाल अक्षर, चौकोन किमान अठरा सेंटिमीटरचा, अक्षर दहा सेंटिमीटर उंच. एवढी मापं नियमात आहेत. आपण लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे काचेवर लावतो. शेजारी लायसनधारक शिकवणारा बसलेला हवा, असंही नियम म्हणतो. ती जागा तुम्ही मित्राला देऊ शकता. शिकवणं त्यालाही येतं, तो सारखं ‘घाल, घाल, बसतेय गाडी’ म्हणत असतो. किमान तीस दिवस असे काढल्यावरच पक्क्या लायसनच्या चाचणीला उभं राहता येतं. तोवर नियम विसरून जायला भरपूर वेळ आहे.

आणि समजा, एवढं सगळं करून नापास झालात तर? होतं असं. चुलतभावाला सर्दी झालेली असते आणि तो उगाच नाकाला हात लावतो. पन्नास रुपये भरून पुन्हा बसता येतं. घरी मात्र सर्व्हर डाउन होता असं सांगा. यावर महाराष्ट्रात अजून कोणी शंका घेतलेली नाही. आई म्हणेल, मेलं हे सरकार. बाबा म्हणतील, ‘असू दे, माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याला सांगतो.’ मग खुंटीवरची गाडीची किल्ली काढून तुमच्या हातात ठेवतील. ‘जा, तोवर दूध घेऊन ये. आणि चौकातून नको जाऊस, उलट्या बाजूने जा. या वेळी मामा असतात.’