मरणारच आहे, मग धरायला काय हरकत?

शरद ऋतूत सॅल्मन आणि ट्राउट अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा वीतभर पाण्यात पाठ उघडी टाकून झुंजणारा, आजूबाजूचे भान हरपलेला मासा धरायला जे अलौकिक कौशल्य लागते ते आपल्या अंगी उपजत आहे, याबद्दल आपले अभिनंदन. गेल्या शनिवारी अशाच एका कलावंताचे दर्शन मला घडले. त्यांच्याकडून मिळालेले धडे होतकरू मंडळींसाठी येथे देत आहे.

उभे राहण्याची जागा नीट निवडावी. नदीचा बाकी तळ शेवाळाने काळवंडलेला असताना जिथे खडीचा एखादा लांबट पट्टा नुकताच घासल्यासारखा उजळ दिसतो, तिथे खुशाल पाय रोवावेत, कारण तिथे पाय घसरत नाही. तो पट्टा मादीने शेपटीचे तडाखे मारून उकरलेला आणि पुन्हा बुजवलेला असतो, त्याखाली तिची अंडी असतात आणि खडीतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर ती सबंध हिवाळा काढतात, हे आपल्या रबरी बुटांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

मासा आमिषाला तोंड लावत नसेल तर खचून जाऊ नये. समुद्रातून नदीत शिरलेला सॅल्मन खाणे जवळजवळ सोडूनच देतो. तेव्हा लांब दोरा प्रवाहात आडवा सोडावा, तो माशाच्या उघड्या तोंडातून सरकला की हिसका द्यावा आणि गळ जबड्यात बाहेरून रुतताच ‘लागला, लागला!’ असे ओरडावे. गळ पोटात किंवा शेपटीत रुतला तरी हेच ओरडावे.

फोटो काढताना मादीचे पोट घट्ट धरावे. ओघळणारी गाभोळी फार शोभून दिसते.

कायद्याचे दडपण घेऊ नये. इंग्लंडमध्ये १२८५ साली, पहिल्या एडवर्डच्या अमदानीत, ८ सप्टेंबरपासून ११ नोव्हेंबरपर्यंत सॅल्मन धरायला बंदी घातली होती आणि पहिल्या गुन्ह्याला जाळी जाळून टाकण्याची शिक्षा होती. पण आपल्याकडे जाळे कुठे आहे? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने अंडी घालणाऱ्या माशाला जाणूनबुजून त्रास देणेही गुन्हा ठरवले, परंतु आपण त्रास देतच नाही, आपण छंद जोपासतो.

एवढे करूनही कोणी हटकलेच, तर ‘अंडी घातली की हा मरणारच आहे’ असे शांतपणे सांगावे. शनिवारी मलाही हेच ऐकवण्यात आले, आणि ऐकवणाऱ्याच्या हातात ठिपक्याठिपक्यांची तपकिरी ट्राउट होती, जी अंडी घातल्यावर मरतेच असे नाही, पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा विणीला येऊ शकते. अटलांटिक सॅल्मनमधलेही काही मासे समुद्रात परततात. मरतात ते प्रशांत महासागरातले सॅल्मन. पण तेही अंडी घातल्यावर, आधी नव्हे, हा क्रम समजायला कितीशी अक्कल लागते? ज्या ओढ्यात जन्मला त्याचा वास ओळखत, धबधबे चढत, अंगातली चरबी जाळत तो वर येतो, पर फाटलेले, कातडी सोललेली, आणि त्याचे एकच काम उरलेले असते, तेही दोन-चार दिवसांचे. नंतर त्याचे कलेवरसुद्धा वाया जात नाही, त्यावर पोसलेले किडे पुढच्या वर्षी पिल्लांच्या तोंडी पडतात. आणि अहो, नेमक्या त्या दोन-चार दिवसांतच तुम्हाला गळ सुचतो? मांस तोवर पांढुरके आणि बेचव झालेले असते, म्हणजे खायलाही तुम्हाला तो नको असतो. नुसता फोटो हवा असतो. खरेच मासा धरता येत असेल तर काही महिने आधी या, तो नदीच्या मुखाशी चंदेरी आणि अंगात रग असलेला असतो तेव्हा त्याच्याशी दोन हात करा, आणि हरलात तर निमूट घरी जा. तेवढी धमक नसेल तर काठी गुंडाळून ठेवा. आणि त्या उजळ खडीवरून आधी पाय काढा.