अर्ध्या क्रमाचे विकलज म्हणजे विकलजाचा अर्धा भाग नव्हे

‘अपूर्णांक क्रमाचे कलन हा अलीकडचा शोध असून अर्ध्या क्रमाचे विकलज म्हणजे नेहमीच्या विकलजाची निम्मी किंमत’ असे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. विकलज म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते हे सांगणारी राशी, क्रम म्हणजे विकलज काढण्याची क्रिया किती वेळा केली ती संख्या, आणि हा क्रम अपूर्णांकही असू देणारे गणित म्हणजे अपूर्णांक क्रमाचे कलन. संदेशातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

गणितज्ञ लायब्निट्झने गणितज्ञ लोपितालला लिहिलेल्या 1695 च्या पत्रात अर्ध्या क्रमाच्या विकलजाची चर्चा आहे, आणि गणितज्ञ आबेलने 1823 मध्ये घसरत्या वस्तूच्या वक्रासंबंधीचा प्रश्न सोडवताना याच प्रकारचे, म्हणजे अपूर्णांक क्रमाचे, संकलन (विकलनाची उलट क्रिया) वापरले.

‘अर्धा क्रम’ याचा अर्थ असा की तीच क्रिया दोनदा केल्यावर नेहमीचे पहिले विकलज मिळावे. शून्यापासून मोजल्यास क्ष चे अर्ध्या क्रमाचे विकलज क्ष च्या वर्गमुळाची दुप्पट भागिले पाय (π) चे वर्गमूळ इतके येते. तीच क्रिया पुन्हा केली की 1 मिळतो.

उपयोगाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उष्णतेचे आहे. आरंभी सर्वत्र समान तापमान असलेल्या खूप जाड भिंतीत शिरणारा उष्णतेचा प्रवाह पृष्ठभागाच्या तापमानवाढीच्या अर्ध्या क्रमाच्या काल-विकलजाच्या (काळानुसार काढलेल्या विकलजाच्या) प्रमाणात असतो, त्यामुळे आत तापमापक न बसवताही तो काढता येतो. हे विकलज केवळ त्या क्षणावर अवलंबून नसते. आधीच्या सगळ्या तापमानबदलांचा, जुन्यांचा कमी आणि ताज्यांचा अधिक, वाटा त्यात असतो, आणि माझ्या मते या विषयाचे खरे सामर्थ्य याच स्मृतीत आहे. रबरासारख्या पदार्थांचे ताण-विकृती संबंध (ताण दिल्यावर आकार किती बदलतो ते) आणि बॅटरीतील आयनांचे (विद्युतभारित कणांचे) विसरण, म्हणजे पसरणे, मांडतानाही म्हणूनच हे गणित वापरतात.