मामांचं स्वातंत्र्य आणि माझी मान

माणूस जात्याच स्वातंत्र्यप्रेमी असतो, हे कळायला इतिहास वाचावा लागत नाही. गाडीत मागे बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला "तेवढा बेल्ट लावता का?" असं विचारून पाहावं. साहेबाने सांगितलं म्हणून जन्मभर टाय बांधलेला, डॉक्टरने सांगितलं म्हणून सिगारेट सोडलेला आणि बायकोने सांगितलं म्हणून मिशी काढलेला माणूस दोन इंची पट्टा दिसला की क्रांतिकारक होतो.

आमचे मामा याच पंथाचे. त्यांचा पहिला मुद्दा, "मागे कुणी लावतं का?" दुसरा, "इथल्या इथे तर जायचंय." (मामांना कुठेही जायचं असलं तरी ते इथल्या इथेच असतं.) आणि तिसरा, ठेवणीतला, "तू गाडी नीट चालव ना, म्हणजे बेल्ट लागणारच नाही." इथे माझी बोलती बंद होते. बेल्टचा आग्रह धरावा तर मला माझ्याच ड्रायव्हिंगचा भरवसा नाही असं कबूल केल्यासारखं होतं. समोरून येणारा माझ्याकडून शिकलेला नसतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. "मग त्याला सांग बेल्ट लावायला," मामा म्हणाले.

बरं, मामा तयार झाले तरी प्रकरण मिटत नाही. मागच्या सीटचं बकल हे मुळात दोन गाद्यांच्या फटीत गडप होण्यासाठीच बनवलेलं असतं. मामा फटीत हात घालतात. आधी एक जुनं पेन निघतं, मग कुणाचा तरी रुमाल, आणि मग जे बकल हाताला लागतं ते मधल्या सीटचं निघतं. त्यात त्यांची पट्टी जात नाही. तोवर वैतागलेले मामा खांद्यावरचा पट्टा हिसडा मारून ओढतात, आणि तो जागच्या जागी अडकतो. "बघ, बिघडलाय!" मामांचा चेहरा उजळतो.

तो बिघडलेला नसतो. हिसका बसला की आतलं रीळ अडकावं, अशीच त्याची रचना असते; अपघातात पट्टा माणसाला धरून ठेवतो तो त्यामुळेच. मामा जितके चिडतील तितका तो हट्टाला पेटतो. जरा सैल सोडून हळू ओढला की सुरसुर करत येतो. "हळू ओढा" हे सांगायला मी मागे वळेपर्यंत मामांनी पट्टा सोडून दिलेला असतो, आणि तो सट्‌कन वर जाताना त्यांचा चष्मा तिरका करून गेलेला असतो. शेजारी मामी केव्हाच बेल्ट लावून खिडकीबाहेर बघत बसलेली असते. या विषयावर तिने आजवर एक शब्दही काढलेला नाही.

मग गाडी बोलायला लागते. आधी सौम्यपणे, टिंग... टिंग. जरा वेग घेतला की ती सौजन्य सोडते. हा आवाज बंद करण्यासाठी बाजारात पट्ट्याशिवायची नुसती क्लिप मिळते. ती बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं, लावला बाई एकदाचा. काही जण बेल्ट लावतात आणि त्याच्या पुढ्यात बसतात, म्हणजे पट्टा पाठीमागे, सीटच्या सुरक्षिततेसाठी. इटलीत १९८९ साली बेल्टसक्तीचा कायदा आला, तेव्हा छातीवर तिरका काळा पट्टा छापलेले टी-शर्ट निघाले होते. बेल्ट न लावण्यासाठी माणसाने खर्च केलेली बुद्धी पाहिली की आपली जात टिकणार याबद्दल शंका उरत नाही; फक्त ती गाडीत बसलेली नसावी.

अमेरिकेने तर गाडीलाच हवालदार करून पाहिलं. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांत अशी सोय होती की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय इंजिनच सुरू व्हायचं नाही. गाडीला माणूस आणि पिशवी यांतला फरक कळत नसे. शेजारच्या सीटवर सामानाची जड पिशवी ठेवली की तिलाही बेल्ट लावावा लागे, कुत्रा बसला की कुत्र्यालाही. लोक इतके खवळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून ही सक्ती उठवली, आणि शिवाय सक्तीचा इशारा आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजता कामा नये असंही ठरवून टाकलं. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो माणूस कोण, तर नील्स बोलिन नावाचा स्वीडिश इंजिनिअर. आधी तो विमानातल्या वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा बनवायचा. मग व्होल्व्होत आला आणि १९५९ साली त्याने माणसाला आसनात धरून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा दिला. कंपनीने पेटंट इतर सगळ्यांना खुलं करून दिलं. पट्टा फुकट मिळाला, पण लावायला कुणी तयार होईना. मग १९७० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने पहिल्यांदा तो सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवरच्यांना सक्ती १९८३ मध्ये आली, आणि मागच्या मोठ्या माणसांना १९९१ मध्ये. म्हणजे मागे बसणाऱ्याला माणसांत धरायला आणखी आठ वर्षं लागली. मामांचा "मागे कुणी लावतं का?" हा प्रश्न तसा अगदीच निराधार नाही.

पण त्यांचा खरा हुकमी एक्का वेगळाच. "माझा जीव, माझी छाती, माझी बरगडी. ही माझी वैयक्तिक बाब आहे." याला हसून चालत नाही. सरकारने माझ्या भल्यासाठी काय काय करावं याची यादी एकदा सुरू झाली की ती मी किती वाजता झोपावं इथपर्यंत येऊ शकते, हे मलाही पटतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात अजूनही मोठ्या माणसांना बेल्टची सक्ती नाही. "स्वतंत्र जगा नाहीतर मरा" हे त्यांचं ब्रीद आहे, आणि ते गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं. गंमत म्हणजे एका गृहस्थाला ते ब्रीद पसंत नव्हतं. त्याने ते झाकलं, तर स्वातंत्र्याचं ब्रीद झाकल्याबद्दल त्याला पंधरा दिवस तुरुंगात काढावे लागले. शेवटी १९७७ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की स्वातंत्र्याची घोषणा मिरवण्याची सक्ती करता येणार नाही.

सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली असंही मांडलं होतं की सुरक्षिततेची साधनं आली की ड्रायव्हर बेफिकीर होतात आणि फायदा तिथेच जिरतो. हे मी मामांना मुद्दाम सांगितलेलं नाही. मागे बसून बेफिकीर व्हायला त्यांना बेल्ट लागत नाही.

अडचण फक्त भूगोलाची आहे. मामांची ही वैयक्तिक बाब नेमकी माझ्या मानेमागे बसलेली असते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकते तेव्हा गाडी थांबते, मामा थांबत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते त्याच पन्नासच्या वेगाने पुढे निघतात. साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जो वेग येतो, तो हा. "मी पुढची सीट घट्ट धरून बसेन," असं ते म्हणतात. मामांचं वजन ८० किलो. त्यांना अर्ध्या मीटरच्या आत थोपवायचं तर दीड टनाहून जास्त जोर लागतो. मामांना लोणच्याची बरणीसुद्धा मामी उघडून देते. तेव्हा तो जोर लावण्याचं काम पुढच्या सीटकडे येतं, आणि पुढच्या सीटवर मी असतो.

हे सगळं मी परवा आकड्यांसकट सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग दार उघडून उतरले, पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. "घे. आता तुझ्या मागे कुणी नाही. झालं समाधान?" मी गाडी सुरू केली. मामा गप्प होते, पण हिशेब चालला असावा, कारण फाटकातून बाहेर पडायच्या आधीच त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मामी सरकून आता बरोबर त्यांच्या मागे बसली होती.

"काय गं, तू बेल्ट लावलायस ना? नीट ओढून बघ एकदा."

मामीने खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"ती माझी वैयक्तिक बाब आहे," ती म्हणाली.