परिविक्षा अधिकाऱ्याला दारातून परत पाठवू नका

‘मुलाला पोलिसांनी पकडलं आणि घरी परिविक्षा अधिकारी आला, तर दार उघडू नका. तो पोलिसांचाच माणूस. तुम्ही बोलाल ते मुलावर उलटवतो. पैसे नाही दिले तर वाईट अहवाल. आणि श्रीमंताचं पोर निबंध लिहून सुटतं.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा माझ्या मावसबहिणीने तो खरा मानला. मोबाइलचोरीत तिच्या सोळा वर्षांच्या मुलाचं नाव आलंय. गृहचौकशीला आलेल्या मॅडमना तिने कडीही काढली नाही, खिडकीतूनच ‘घरात कोणी नाही’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा आता गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) पोलीस खात्याचा नसतो. आपल्याकडे मुलांच्या प्रकरणांत तो महिला व बालविकास विभागाच्या कामाचा भाग आहे. चोरीचा तपास पोलीस करतात. हा घर बघायला येतो: कमावतं कोण, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, घरात आजारपण आहे का, मारहाण होते का.

आता ‘बोलू नका’. मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. २०१५ चा बाल न्याय कायदा उघडून बघा. कलम ८ प्रमाणे मुलाला बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळापुढे, पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने घरच्या या माहितीचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मुलाला समज देऊन घरी पाठवायचं, देखरेखीखाली ठेवायचं की विशेषगृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात), हे ठरवताना मंडळाने तो विचारात घ्यायचा, असं कलम १८ मध्ये लिहिलंय. कलम ९९ प्रमाणे अहवाल गोपनीय. आमचा भाचा वर्षभर संध्याकाळी गॅरेजवर राबून वडिलांच्या गोळ्या आणतो. पोलिसांच्या कागदात हे कोण लिहिणार? ते सांगायची जागा आम्ही कडी लावून बंद केली.

निबंधाचं थोडक्यात. पुण्यातल्या मे २०२४ च्या पोर्श गाडीच्या अपघातात अल्पवयीन मुलाला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती. तो निकाल नव्हता. तीनच दिवसांत मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पाठवलं.

पैशांबद्दल: कुणी मागितलेच तर मंडळापुढे लेखी तक्रार द्या. अहवाल उशिरा येतात, कधी घर न बघता टेबलावरच रकाने भरले जातात, एवढं मान्य करावंच लागेल. पण मग घरापर्यंत आलेल्या बाईला परत पाठवायचं?

पंधरापैकी आठ दिवस गेलेत. मी मॅडमना फोन करून माफी मागितली. त्या गुरुवारी पुन्हा येताहेत. ताईला सांगितलंय, दहावीची गुणपत्रिका आणि भाऊजींची दवाखान्याची फाइल बाहेर काढून ठेव, आणि गॅरेजच्या मालकांनाही बोलावून घे.