जर्मनीला निघालेल्या भाचीसाठी, कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीहून

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट आहेत. एकाला नर्स होऊन गेलेली मुलगी म्हणजे घराचं कल्याण वाटतं, दुसऱ्याला म्हाताऱ्या आईबापांची काळजी. जाणारीला स्वतःची लेकरं असतील, हे कुणाच्याच डोक्यात येत नाही. आपल्याकडे आई म्हणजे घरी थांबणारी!

आमच्या शेजारच्या तीता यंदा वारल्या. वयाने मोठ्या बाईला फिलिपिनो लोक तीता म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्या फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या. नर्सिंग करून आधी रियाधच्या इस्पितळात लागल्या, दोन्ही मुलं आजीकडे ठेवून. तो काळ कॅसेटचा. महाग फोनपेक्षा आवाज टेप करून पाठवणं परवडायचं. आई गावाला पाठवायची, मुलं परत रियाधला. पुढे कॅलिफोर्नियात नोकरी मिळाली तेव्हा कुठे मुलं जवळ आली, आणि तोवर थोरलीच्या अंगाला तीतांचे जुने कपडे येऊ लागले होते.

ही एकट्या तीतांची कथा नव्हे. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या १९७४च्या कामगार संहितेपासून फिलिपिन्स सरकार स्वतःच माणसं परदेशी पाठवतं. सुरुवातीला तो तात्पुरता उपाय होता म्हणे. पुढच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी १९८८ साली हाँगकाँगमधल्या मोलकरणींना देशाचे नवे वीर म्हटलं. वीर म्हटलं की पगार, रजा, पोरांचं काय, असले प्रश्न सरकारला विचारणं अवघड होतं. सरकारचं उत्तर देणंही टळतं.

तीतांच्या गॅरेजमध्ये बालिकबायानचा, म्हणजे परदेशातून घरी भेटवस्तू पाठवायचा, एक खोका कायम उघडा असायचा. साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं. सेल लागला की भर पडायची. भरला की जहाजाने इलोइलोला. डबल शिफ्ट करून आलेल्या बाईला खोक्यात बूट नीट बसवताना मी पाहिलंय, आणि मनात आलंय की ह्यांना आधी झोपवा कुणीतरी. कोविडमध्येही त्या कामावर होत्या. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के, पण नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२०च्या अहवालात कोविडने दगावलेल्या नर्सेसपैकी जवळपास एक तृतीयांश त्याच होत्या. तीता वाचल्या होत्या.

त्यांच्यासाठी नऊ रात्री प्रार्थना झाली, पासियाम. रोज जेवण, रोज पानसित, म्हणजे त्यांच्याकडच्या नूडल्स. तिथे थोरली मला म्हणाली, "आईने आमच्यासाठी सगळं केलं. पण मला ताप यायचा तेव्हा हात आजीचा असायचा." तक्रार नव्हती त्यात, आणि कौतुकही नव्हतं. धाकटा मात्र आईचं नाव काढताच रडायचा.

नाशिकची माझी भाची नर्स आहे, तीन वर्षांच्या मुलाची आई आहे आणि जर्मन शिकते आहे. ग्रुपवरचे दोन्ही तट तिला सल्ले देतात. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. तीता परदेशी गेल्या नसत्या तर ती मुलं शिकली नसती. एवढंच सांगितलंय की एजंटाला पगार विचारण्याआधी हे विचार, मुलगा कधी येईल आणि त्याच्या व्हिसाला काय काय दाखवावं लागेल. उत्तर लेखी घे. तोंडी दिलं तर दुसरा एजंट बघ.